गाव सोडल्याचं पान

भाची : मामा, आपल्या दोन्ही घरांनी गाव सोडलं, त्याचं एक मोठं पान करायला घेतलंय मी. बारा इंची चौकोनी जाड कागद, त्यावर तपकिरी क्राफ्ट पेपर, कडा मेणबत्तीवर धरून काळपट केलेल्या. मजकुराचे कागद चहाच्या पाण्यात बुडवून वाळवलेत, म्हणजे जुन्या दप्तरातून काढल्यासारखे दिसतात. डावीकडे बाबांकडचे आबा. चुलत्याबरोबर खानापूर तालुक्यातून गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या कामाला त्रिशूरला गेले, तेव्हा अकरा वर्षांचे होते. उजवीकडे आईकडचे नाना, म्हणजे तुमचे वडील. माण तालुक्यातून लालबागला गिरणीत गेले. दोघांचे फोटो सेपिया करून घेतलेत, कोपऱ्यांना लेस लावणार आहे. हौस आहेच, पण हौसेच्या मागे काळजी आहे. त्रिशूरच्या चुलतभावाची मुलगी घरात मराठी ऐकते आणि बाहेर मल्याळम बोलते. माझा मुलगा पुण्यात वाढतोय. ‘तुमचं गाव कुठलं?’ असं कुणी विचारलं की दोघंही तालुक्याचं नाव सांगतात आणि थांबतात. त्यापुढे सांगायला त्यांच्याकडे एक वाक्यही नाही. भिंतीवर पान असलं तर निदान पुढचा प्रश्न तरी सुचेल.

मामा : तुझी काळजी मलाही आहे. पण पान जुनं दिसावं म्हणून तू जे करते आहेस, तिथेच मी अडतो. आबांचा फोटो तपकिरी कधी होता? तो स्वच्छ काळा-पांढरा फोटो आहे. नानांचा ऐंशीच्या सुमाराचा फोटो रंगीत आहे आणि आता लालसर पडलाय, कारण त्या वेळच्या रंगीत प्रिंटमधले सगळे रंग सारखे टिकले नाहीत. तो लालसरपणा हेच त्या फोटोचं वय आहे. दोघांवर तू एकच तपकिरी छटा चढवलीस, की मधली वीस-पंचवीस वर्षं पुसली गेली. दोघे एकाच कुठल्यातरी ‘जुन्या काळात’ जाऊन बसले. आणि सजावटीचं जे पाकीट आणलंस त्यात काय आहे ते बघ. धुराची बोट, चामडी पेटी, पासपोर्टचे शिक्के, होकायंत्र. असे संच ज्यांच्या आठवणीतून आले, त्यांचे पूर्वज बोटीने अटलांटिक ओलांडून न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर उतरले होते. १८९२ ते १९५४ या काळात तिथे त्यांची नोंद झाली. त्यांच्या पानावर बोट शोभते. आबा मिरजेला छोट्या लायनीच्या गाडीत बसले, बंगलोरला उतरून मोठ्या लायनीच्या गाडीत चढले. त्यांच्याकडे पासपोर्ट नव्हता, पेटीही नव्हती. दुसऱ्याच्या स्थलांतराची चिन्हं आपल्या माणसाच्या अंगावर चिकटवलीस, तर त्रिशूरची ती पोर काय समजेल? आपला पणजोबा बोटीतून आला, असंच ना?

भाची : बोट आणि होकायंत्र काढून टाकते. ते तुमचं खरं आहे. पण जुनं किंवा देखणं दिसावं म्हणून रंगरंगोटी करणं हे आजचं खूळ आहे, हे मला पटत नाही. आबांचा तो फोटो पुन्हा नीट बघा. त्रिशूरच्या स्टुडिओतला आहे. मागे रंगवलेला पडदा, त्यावर कमान, बाग आणि जिना. आबांच्या अंगात कोट आहे. आमच्या घरात तसा कोट कधी कुणी पाहिला नाही, तो स्टुडिओचाच असणार. शेजारी टेबलावर रेडिओ आहे आणि आबांचा हात त्यावर आहे. त्या दिवसांत आबा भट्टीच्या खोलीतच झोपायचे. म्हणजे ज्याला आपण अस्सल पुरावा म्हणतो, तोही मांडलेलाच देखावा आहे. छायाचित्रकार चेहऱ्यावरचे वण घासून काढायचे, फोटो हाताने रंगवायचे. ते सगळं चालतं, मग माझी लेस का चालत नाही? प्रत्येक पिढी आपल्या माणसांना जरा बरे कपडे घालूनच पुढच्या पिढीसमोर उभं करते.

मामा : फरक आहे, आणि तो मोठा आहे. तो कोट आबांनी स्वतः निवडला. तो फोटो त्यांनी गावी पाठवला, कारण आईला कळायला हवं होतं की पोरगं धड आहे, खाऊनपिऊन आहे. त्या खोटेपणात एका मुलाचा जीव गुंतलेला आहे, म्हणून तो खोटेपणासुद्धा इतिहासाचा भाग झाला. तुझी लेस आबांनी निवडलेली नाही. ती आपल्या डोळ्यांच्या सोयीसाठी आहे. दुसरी गोष्ट, सजवलेलं जुनेपण कारणं गिळून टाकतं. गाव का सोडलं? सह्याद्रीच्या पलीकडे ढग रिकामे होतात आणि माण, खटाव, खानापूर, आटपाडी, जत हा सगळा पट्टा कोरडा राहतो. एकाच जिल्ह्यात महाबळेश्वरला पावसाचा कहर आणि दहिवडीला प्यायच्या पाण्याची ओरड, अशी ही जमीन आहे. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ साली आली. तिच्या शेवटी दुष्काळाने अख्खी वाडी उठते. आपल्याकडची माणसं कुतूहलाने बाहेर पडली नाहीत. शेती तोंड भरेना, म्हणून एकाने कामाची वाट शोधली आणि त्याच्या मागून भावकी गेली. गलाईचं तसंच झालं. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठे महांकाळ आणि इकडे माण-खटाव इथली माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या कामात देशभर गेली. कोईमतूर, मदुराई, हैदराबाद, कोलकाता, अमृतसर अशा कितीतरी सराफ पेठांत विटा भागातला माणूस सापडतो. चहाने रंगवलेल्या कागदावर हे ‘आजोबांचा प्रवास’ म्हणून उतरलं की प्रवास तेवढा उरतो आणि दुष्काळ गळून पडतो.

भाची : कारणं पानावर यायलाच हवीत. पण ती मोठाली वाक्यं लिहून येत नाहीत, कागदांतून येतात. आबांचा शाळा सोडल्याचा दाखला माझ्याकडे आहे. त्यावर जिल्हा लिहिलाय ‘दक्षिण सातारा’. १९४९ साली संस्थानांचे तुकडे आणि जुन्या सातारा जिल्ह्यातले तालुके एकत्र करून तो जिल्हा झाला आणि १९६० साली त्याचं नाव सांगली पडलं. म्हणजे दाखल्यावरची तारीख पुसट झाली असली, तरी तो त्या अकरा वर्षांतलाच आहे हे नक्की. त्याच दाखल्यावर शाळा सोडण्याचं कारण लिहायचा रकाना आहे. तिथे मास्तरांनी लिहिलंय, ‘परगावी कामास गेल्यामुळे.’ चौथीतला मुलगा आणि हे कारण! यापुढे मी वेगळं काय लिहू? आबांनी गावी पाठवलेल्या एका पाकिटावर भारताचा नकाशा असलेलं तिकीट आहे, किंमत नये पैशांत. १९५७ साली दशमान नाणी आली, त्याच वेळी नकाशाची ती तिकिटं निघाली. मी मध्यभागी छापील नकाशा लावणार होते, तो आता काढून टाकते. हे पाकीटच मधे ठेवते. देशाचा नकाशा त्यावर आहेच, आणि एका टोकाचा पत्ता दुसऱ्या टोकाच्या माणसाने लिहिलेला आहे. जुनेपण बाहेरून आणायची गरजच नव्हती. फक्त हे कागद एकत्र मांडायला कुणीतरी बसायला हवं होतं. पान करायचं ठरवलं नसतं तर मी ही ट्रंक उघडली नसती. तुम्ही सजावटीला नावं ठेवता, पण त्या सजावटीच्या ओढीनेच मी कागदांपर्यंत आले.

मामा : तिथे मी हरलो म्हण. इतिहास शिकवण्यात माझी नोकरी गेली, पण घरातली ट्रंक मीही उघडली नव्हती. तरी सावध राहा. जे कागद उरले, तेवढंच घडलं असं नसतं. नानांच्या बाजूला तू काय लावणार आहेस?

भाची : मनीऑर्डरी. आणि इथे मला तुम्हाला काही दाखवायचंय. मनीऑर्डरच्या फॉर्मचे तुकडे व्हायचे. खालचं कुपन, ज्यावर पाठवणारा दोन ओळी लिहायचा, ते पैसे घेणाऱ्याकडे राहायचं. पोच मात्र घेणाऱ्याची सही किंवा अंगठा घेऊन पाठवणाऱ्याकडे परत जायची. नाना दर महिन्याला लालबागहून पैसे पाठवायचे. त्यांची कुपनं आजीने गाठोड्यात ठेवली होती, ती गावच्या घरात सापडली. पोच पावत्या नानांनी खोलीतल्या डब्यात ठेवल्या होत्या. गिरणी संपानंतर मुंबई सुटली तेव्हा तो डबा त्यांच्याबरोबर परत आला, पण कुणी उघडला नाही. कुपनावर नानांचं अक्षर : ‘तब्येत सांभाळणे. पोरांना शाळेत घालणे. पाऊस कसा आहे कळवणे.’ पोचेवर आजीचा अंगठा, निळ्या शाईत. मामा, आजीच्या हाताची याशिवाय दुसरी कुठलीही खूण कुठल्याही कागदावर नाही. ती खूण तिच्याजवळ कधी राहिलीच नाही, दर महिन्याला मुंबईला जात राहिली. एकाच फॉर्मचे हे दोन तुकडे इतकी वर्षं वेगळ्या घरांत होते. ते शेजारी शेजारी लावणं, एवढंच या पानाचं काम असलं तरी मला पुरेसं आहे. कुठल्या पुस्तकात, कुठल्या दप्तरात ते एकत्र येणार होते?

मामा : पोरी, हे तू आधी का नाही दाखवलंस?... थांब, जरा बोलू दे. आईचा अंगठा बघून मला जे वाटतं ते वाटू दे, पण त्यातून कळतं काय तेही बघू. अंगठा एवढंच सांगतो की पैसे पोचले. ते तिच्या हातात राहिले का? पोस्टमन ओट्यावर बसायचा, आई पदर सावरून अंगठा द्यायची आणि नोटा मोजून घ्यायचे आजोबा. १९७२ साली ती कुपनं येत होती, तरी आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती. मी तिच्याबरोबर असायचो. दुष्काळातली सुकडी आणि मिलो ज्वारीची भाकरी मी खाल्ली आहे. मुंबईचा पैसा होता, तरी ती दगड का फोडत होती? कारण तो पैसा मोठ्या घरात वाटला जायचा, आणि कर्जाच्या व्याजात मुरायचा. तुझ्या पानावर कुपन आणि अंगठा शेजारी आले की वाचणाऱ्याला वाटेल, नवऱ्याने धाडलं, बायकोला मिळालं, संसार चालला. खरं तर स्थलांतर दोघांनी केलं. नाना शरीराने गेले. आई गावातच राहून बिननवऱ्याच्या घरात गेली, जिथे सासऱ्याची शेती, दिराचा शब्द आणि पोरांची भूक सगळं तिच्या अंगावर होतं. गेलेल्यांचं पान करणं सोपं असतं. मागे राहिलेल्यांकडे तिकीट नसतं, पास नसतो, स्टुडिओतला फोटो नसतो. त्यांचं स्थलांतर तू कशाने दाखवणार?

भाची : तुम्ही आत्ता जे बोललात त्याने. पोचेच्या खाली तुमचं बोलणं लिहीन. तुमच्या नावाने, ‘मुलाने सांगितलं’ असा उल्लेख करून. कागदावर काय आहे आणि माणसाच्या तोंडून काय आलं, हे दोन शायांत ठेवीन. मामा, यासाठीच मला पान हवंय. तुम्ही शाळेत १९७२ चा दुष्काळ शिकवलात, रोजगार हमी शिकवलीत, पण मिलोची भाकरी खाल्ल्याचं मला आज कळतंय. कागद समोर आला नसता तर तुम्ही हे बोलला नसता. आपल्या भागात हे काम आधीपासून होतच होतं की. सुगी झाली की हेळवी यायचा, सजवलेल्या बैलावरून. दारात उभा राहून घराची पिढी म्हणायचा : मूळ गाव अमुक, तिथून उठून तमुक गावाला आले, कुलदैवत हे, भाऊ इतके, कुणाचा वंश कुठे गेला. आपल्या घराच्या स्थलांतराची वही आपल्याकडे नव्हती, त्याच्याकडे होती. आपण त्याला धान्य आणि कपडा द्यायचो. आता गावातल्या माड्यांना कुलपं आहेत, हेळवी आला तरी दार कोण उघडणार? माझं पान ही त्याच कामाची एक धडपड आहे. तो गाऊन सांगायचा, लहान मुलं त्या चालीसाठी थांबायची. माझी लेस समजा ती चाल आहे.

मामा : हेळव्याचं उदाहरण चांगलं काढलंस, कारण त्यातच माझी पुढची शंका आहे. हेळवी कुणाची नावं घ्यायचा? पुरुषांची. लेकी दिल्या घरी गेल्या की त्यांची पिढी त्याच्या वहीत दुसऱ्याच्या घरात जायची, बहुतेक वेळा नावाशिवाय. शिवाय ज्याच्याकडून धान्य मिळायचं, त्याच्या घराचा मोठेपणा तो सांगणार हे उघड आहे. ज्यांच्याकडे द्यायला काही नव्हतं, त्यांच्या दारात तो किती वेळ उभा राहिला असेल? तुझ्या पानाचंही तेच होईल. डाव्या बाजूला तू मथळा लिहिलायस : ‘आबांनी एकट्याच्या हिमतीवर दुकान उभं केलं.’ या वाक्याबद्दल मला बोलायचंय. गलाईचं काम काय असतं, तू पाहिलंयस. मोडीत घेतलेलं सोनं चांदी मिसळून मुशीत वितळवायचं, मग ते तेजाबात उकळायचं. चांदी विरघळते, तळाला सोन्याचा तपकिरी गाळ राहतो. तो धुऊन, सवागी घालून पुन्हा मुशीत आटवला की शुद्ध सोनं. तेजाब उकळताना लालसर धूर निघतो, तो छातीत बसतो. हे काम एकट्याने होत नाही. भट्टीला कुणीतरी लागतं, धुवायला कुणीतरी लागतं. आबांना जसं त्यांच्या चुलत्याने अकराव्या वर्षी नेलं, तशी पुढे आबांनी गावातली पोरं नेली. त्यातल्या एकाचा हात तेजाबाने भाजला, तो बोटं आखडलेला हात घेऊन गावी परत आला. हे गावात सगळ्यांना माहीत आहे. तुझ्या पानावर तो मुलगा कुठे आहे?

भाची : माहीत आहे मला. लहानपणापासून त्यांना पाहते आहे. आणि खरं सांगते, त्या मथळ्यावर माझाही हात थांबला होता. पण मामा, हाच प्रश्न उजव्या बाजूलाही विचारा. नानांचा गिरणीचा पास साचेखात्याचा, म्हणजे विणकामाच्या खात्याचा आहे. साचेवाल्याला कताईखात्यापेक्षा जास्त पगार असायचा, घरात अजून ते अभिमानाने सांगतात. त्या खात्याचं दार कितीतरी वर्षं दलित कामगारांना बंद होतं, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढायचा आणि बाकीचे म्हणायचे, विटाळ होतो. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपवाल्यांपुढे ठेवला होता. नाना गेले तो काळ नंतरचा, हे कबूल. तरी त्यांना ओळखीने ते खातं मिळालं, गावकीच्या खोलीत वळकटी टाकायला जागा मिळाली, गावच्या माणसाने खानावळ लावून दिली. त्याच गावातून त्याच गाडीने गेलेल्या महारवाड्यातल्या माणसाला यातलं काय मिळालं? तुम्ही नानांबद्दल बोलताना दुष्काळ म्हणता, संप म्हणता, हे म्हणत नाही. आबांच्या बाजूचं मौन तुम्हाला ऐकू आलं, स्वतःच्या बाजूचं नाही.

मामा : बरोबर बोललीस. त्याला माझ्याकडे बचाव नाही आणि मला तो करायचाही नाही. घरात नाना गेले ते ‘ओळखीने’ एवढंच सांगितलं जायचं. ती ओळख कुणाला मिळते हे विचारायची आम्हाला सवय नव्हती. मग आता प्रश्न आणखी कठीण झाला. दोन्ही बाजूंना मिळून जी गोष्ट आपण सांगतो, ती हिमतीची आणि कष्टाची आहे. ती खोटी नाही. लाल धुरात उभं राहणं म्हणजे कष्टच. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि दोन-अडीच लाख कामगारांबरोबर नानांचंही मुंबईतलं आयुष्य थांबलं, ते सोसणं ही हिंमतच. पण हिंमत ज्यांच्याकडे होती आणि वाट नव्हती, ते आपल्या पानात कुठेच येत नाहीत. आणि ही गोष्ट संपलेली नाही. कराडजवळच्या टेंभूतून उचललेलं कृष्णेचं पाणी आता खानापूर-आटपाडीच्या शिवारात येतंय. वाळव्यात, कराडला उसाच्या फडात बीडकडच्या टोळ्या पोरांसकट पालं ठोकून राहतात. ज्या जिल्ह्यांतून माणसं उठून गेली, त्याच जिल्ह्यांत आता दुसरी उठलेली माणसं येतात. जळक्या कडांचं पान म्हणतं, हे पूर्वी घडलं. फडात शाळा बुडालेल्या पोराच्या दाखल्यावर आजही तेच कारण लिहिता येईल.

भाची : म्हणून कडा जाळणार नाही. चहाही नाही. एक तर तो कागद आंबट होतो, लवकर तुटतो, आणि शेजारच्या खऱ्या कागदाला डाग लावतो. सगळे मूळ कागद स्कॅन करून प्रती वापरीन. मूळ दाखला, कुपनं, पोचा वेगळ्या पाकिटात, गोंद आणि सेलोटेप न लावता.

मामा : आणि नानांचा पास तर अजिबात चिकटवू नकोस. गिरणी कामगारांच्या घरांसाठी म्हाडाकडे अर्ज आहेत, त्यांना कामाचा पुरावा लागतो. आपल्याला तो कागद आठवण वाटतो, पण अजून तो हक्काचा कागद आहे. लॅमिनेशनही करू नकोस, ते परत सोडवता येत नाही.

भाची : नाही करत. पण मामा, चहा आणि लेस सोडणं सोपं आहे. भाजलेल्या हाताचं काय करू? तुम्ही म्हणता लिही. ते गृहस्थ गावातच आहेत, त्यांची नातवंडं आहेत. आमच्या घराने एकदा त्यांचा हात घेतला. आता माझ्या भिंतीवरचं पान प्रामाणिक दिसावं म्हणून त्यांची गोष्टही घेऊ? त्यांनी ती मला दिलेली नाही. त्रिशूरच्या दिवाणखान्यात पाहुणे ती वाचतील आणि म्हणतील, किती मोठ्या मनाने लिहिलंय. म्हणजे त्यांच्या दुखण्यातूनही पुन्हा आमचाच मोठेपणा उभा राहणार. त्यापेक्षा मी तिथे कोरी जागा सोडीन, आणि खाली लिहीन की इथे आणखी माणसं होती.

मामा : कोरी जागा वाचता येते ती माहीत असलेल्यालाच. त्रिशूरच्या पोरीला ती नुसती मोकळी जागा दिसेल, फार तर छान मांडणी वाटेल. आणि परवानगीची अट सगळ्याच गोष्टींना लावली, तर ज्यांना दुखावलं त्यांच्यावरच आपण दुसरं ओझं टाकतो. आधी आम्ही तुमचा हात भाजला, आता तुम्ही ठरवा आम्ही ते सांगायचं की नाही. ते नाही म्हणाले तर घराण्याला सुटका मिळाली. ते हो म्हणाले तर ते खरंच मनापासून म्हणाले की आपल्या घराच्या दबावाने, हे कसं ओळखशील? तुमच्या माडीचं भाडं, उसनं, लग्नातला आहेर या सगळ्यांत अजून ती दोन घरं बांधलेली आहेत.

भाची : मग न विचारता लिहिणं योग्य?

मामा : नाही. तेही योग्य नाही. मला एवढंच दिसतंय की ‘एकट्याच्या हिमतीवर’ हे शब्द राहू शकत नाहीत. ते काढायला कुणाची परवानगी लागत नाही. तेवढा भाग तुझ्या हातातला आहे.

भाची : काढते. बाबांना ते आवडणार नाही. आमच्या घरात आबांबद्दल पहिलं जे वाक्य सांगतात, ते हेच आहे. ते काढलं तर बाबा विचारतील, मग काय लिहिलंस? ‘चुलत्याने नेलं, पुढे गावातल्या मुलांना घेऊन आबांनी दुकान चालवलं’ असं लिहीन. हे खरं आहे आणि यात कुणाची गोष्ट उघडी पडत नाही. पण तुम्ही म्हणाल, हात भाजल्याचं यातही नाही.

मामा : म्हणेन. आणि तू म्हणशील की तो हात तुझ्या पानाचा ऐवज नाही. त्यावरही माझ्याकडे उत्तर नाही. मघाशी मला वाटत होतं की भांडण खरं आणि सजवलेलं यांच्यात आहे. आता वाटतं, सजावट हा त्यातला लहान भाग होता. खरा पेच असा आहे की आपल्या घराचं स्थलांतर फक्त आपल्या घराचं नव्हतं, आणि पान मात्र आपल्या घराचंच असणार. दुसऱ्यांशिवाय ते खोटं पडतं, आणि दुसऱ्यांना आत घेतलं की त्यांचं जे आहे ते आपल्या नावावर चढतं.

भाची : तरीही पान करायचंच, मामा. तुम्ही म्हणता तो पेच मला चहाच्या कागदावर दिसला नसता हे खरं, पण कागदच घेतला नसता तर तो अजिबात दिसला नसता. मी त्या गृहस्थांकडे जाणार आहे. परवानगी मागायला नाही. आबांच्या दुकानातले त्यांचे दिवस त्यांना स्वतःला कसे आठवतात, हे ऐकायला. ते कुठे लिहायचं, आणि कुणी लिहायचं, हे त्यानंतर ठरवू.

मामा : जा. पण ते बोलले नाहीत तर ते आपल्याकडे बोलण्यासारखं काही नाही म्हणून, असं समजू नकोस. आणि ते बोलले, तर पान तुझं राहील याची खात्री धरू नकोस.